पुढचं डावं चाक

थोरल्याने बूट काढून भिंतीशी लावून ठेवले, खिशातला पाना आणि किल्ल्या बाकावर टाकल्या आणि वाकून, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून गाडीच्या रिकाम्या सांगाड्यात आत घेतला.

"तू कुठे निघालास?" अण्णांनी विचारलं.

"सीट ओतायची ना आज?"

"ओतायचीय. पण तू आत बसलास तर बादली कोण ढवळणार?"

वडिलांनी विनोद केला असं वाटून थोरला हसला. अण्णा वर्षाकाठी एखादा विनोद करत आणि त्याला हसावं लागे. मग त्याला दारात उभा असलेला धाकटा भाऊ दिसला. त्याच्या अंगात शर्यतीचा पातळ पोशाख होता आणि तो स्वतःच्या मोज्यांकडे पाहत होता.

शर्यतीच्या गाडीची सीट या वर्कशॉपमध्ये विकत आणत नसत. पत्र्याचा साचा वळवायचा, त्यात जाड प्लॅस्टिकची पिशवी पसरायची, वर चालवणाऱ्याला बसवायचं आणि दोन रसायनं एकत्र ढवळून पिशवीत ओतायची. फेस फुगतो, तापतो, पाठीच्या प्रत्येक खळग्यात शिरतो आणि घट्ट होतो. ती सीट मग त्या एकाच माणसाची. दुसरा कुणी बसला की त्याची कंबर तरी धरते, नाहीतर वळणावर तो घसरतो तरी.

थोरल्याने पाय बाहेर काढला. आत घ्यायला जेवढे हात लागले होते तेवढेच बाहेर काढायलाही लागले, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

"अण्णा," काजवा म्हणाला. तो वेल्डर. ठिणग्या उडत असल्या तरच त्याचं वर्कशॉपमध्ये असणं कळे, म्हणून हे नाव. "साचा मी थोरल्याच्या मापाने वळवलाय. हा पोरगा त्यात काडेपेटीतल्या शेवटच्या काडीसारखा खुळखुळेल."

"फेस जास्त ओत."

"वर्षभर गाडी याने बांधली, म्हणून म्हटलं."

"बांधली, छान बांधली." अण्णांनी हात पाठीमागे बांधले. "पेडलं तीन आहेत काजव्या, आणि पाय दीड. मी काय करू?"

काजव्याने डोळ्यांवर काळा चष्मा ओढला. वेल्डिंग चालू नव्हतं, तरीही.

धाकटा आत उतरला तेव्हा त्याचं तोंड थोरल्याच्या कानाशी आलं. "मी मागितलं नव्हतं दादा. सकाळी म्हणाले, पोशाख घालून ये."

"बस. हलू नकोस. हललास की सीट वाकडी होते."

थोरल्याने बादली ढवळली. ही दोन रसायनं एकत्र झाली की थांबता येत नाही, हे काम रागाला वेळ देत नाही. त्याने मिश्रण भावाच्या पाठीमागे ओतलं, बादली फेकली आणि दोन्ही हातांनी त्याचे खांदे खाली दाबून धरले. फेस करकरत वर चढू लागला.

"दादा, गरम होतंय रे."

"होतं."

"म्हणजे किती होतं?"

"सोसेल इतकं."

"कुणीतरी मागून मिठी मारल्यासारखं वाटतंय," धाकटा म्हणाला आणि हसला. हसल्यामुळे त्याची पाठ हलली. थोरल्याने खांदे आणखी दाबले. फेस थंड होईपर्यंत तो तसाच वाकून उभा राहिला, आणि अण्णा बाजूला चहा पीत राहिले.

अण्णांची काम शिकवण्याची एक रीत होती आणि ती आसपासच्या सगळ्या वर्कशॉपांत माहीत होती. ते चूक दाखवत नसत. चूक होऊ देत.

काजव्याच्या उजव्या तळव्यावर आडवा गुळगुळीत पट्टा होता. तिथल्या रेषा नाहीशा झाल्या होत्या. नवा असताना त्याने नुकताच जोडलेला पाइप उचलायला हात पुढे केला तेव्हा अण्णा हातभर अंतरावर होते. त्यांनी कपातला घोट घेतला आणि पाहिलं. काजवा हे सांगताना हसायचा. "पोटच्या पोराला जाळलं नाही, मला जाळलं. मान आहे हा!" पण हेही खरं नव्हतं. थोरला मिसरूड फुटण्याच्या वयात असताना एकदा इंजिन बांधून त्यात तेल भरायला विसरला. त्याने चावी फिरवली तेव्हा अण्णा शेजारी उभे होते. इंजिन किंचाळलं, जाम झालं. मग अण्णा शांतपणे म्हणाले, "आता विसरशील?" तो पुन्हा कधी विसरला नाही. अण्णांच्या हाताखालून गेलेला माणूस कुठेही डोळे झाकून कामावर घेत, आणि थोरल्याला त्याचा अभिमान होता. धाकट्याला शिकवताना त्यानेही एकदोनदा असंच गप्प राहून पाहिलं होतं.

मागच्या वर्षी डोंगराच्या रस्त्यावरच्या शर्यतीत थोरला स्वतः गाडी चालवत असताना पुढचं डावं चाक निखळलं. चाक कठड्यावरून उडालं आणि दरीतल्या झाडीत गेलं. ते शोधायला कुणी उतरलं नाही. गाडी उजव्या अंगाने खडकावर आदळली. इस्पितळात डोळे उघडले तेव्हा पायावर तंबूसारखी चादर होती आणि अण्णा स्टुलावर बसले होते.

"नटाला पिन नव्हती," ते म्हणाले.

एवढंच. चाकामागच्या जोडाचा नट हादऱ्यांनी सुटू नये म्हणून त्यातून एक छोटी पिन आरपार घालतात आणि तिची टोकं वाकवतात. पुढची बाजू थोरल्यानेच जोडली होती. म्हणजे पिन तोच विसरला होता. त्याने ते निमूटपणे कबूल करून टाकलं, पायासकट. तेव्हापासून तो प्रत्येक पिनेला वाकवल्यावर बोट लावून पाही.

आणि वर्षभर त्याने ही नवी गाडी बांधली. आतलं अस्तर, मागच्या सीटा, काचा, वाऱ्याचे पाइप, सगळं काढून तिला हाडापर्यंत आणलं. इंजिन तीनदा उतरवलं, तीनदा चढवलं. कुणी त्याला सांगितलं नव्हतं की ही गाडी तू चालवणार. कुणी नाहीही म्हटलं नव्हतं. उजव्या पायात जोर उरला नव्हता, म्हणून त्याने ब्रेकचं पेडल स्वतःपुरतं घडवलं. दांडा लांब केला, पेडलामागचा सिलिंडर बदलला. आता झोपलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवावा इतक्या हलक्या दाबाने ब्रेक लागे. धडधाकट माणसाने शर्यतीत दाबतात तसा दाबला, तर पुढची चाकं जागच्या जागी जाम झाली असती आणि गाडी, सुकाणू कुठेही वळवलं तरी, नाकासमोर गेली असती.

हे त्याने लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, इतकंच. पेडल पुन्हा साध्या मापाचं करायला एक दुपार पुरली असती. सीट ओतल्यानंतर तशा बऱ्याच दुपारी आल्या आणि गेल्या.

शर्यतीला जायच्या आदल्या दिवशी धाकट्याने गाडी पहिल्यांदा स्वतः चालवली, तीही वर्कशॉपच्या अंगणातून लॉरीच्या फळ्यांपर्यंत. फळ्यांपाशी गाडी अशी थांबली की त्याचं डोकं पुढे गेलं.

"टचकन लागतो रे ब्रेक!" तो खिडकीतून ओरडला. "दादा, असाच आहे का हा?"

अण्णा लॉरीचा दोर आवळत होते. त्यांचे हात थांबले. ते वळले नाहीत.

थोरला फळीला टेकला. खाली वाकून त्याने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

"पॅड नवे आहेत," तो म्हणाला. "बसतील."

"मग ठीक."

अण्णांनी दोर पुन्हा आवळायला घेतला.

संध्याकाळी घरी आईने दोघांना समोरासमोर वाढलं. धाकटा बोटांनी ताटाच्या कडेवर सुकाणू धरल्यासारखं करून वळणं समजावत होता. आई ऐकत होती, पण पाहत थोरल्याकडे होती.

"नीट बघून दिलीस ना रे त्याला?"

"दिली."

"नाही, तू बघितलंस म्हणजे मला घोर नाही."

थोरल्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

शर्यत विमानांच्या, आता वापरात नसलेल्या एका धावपट्टीवर होती. वळणांवर जुन्या टायरांचे ढीग रचले होते. सकाळी सराव. धाकट्याने हेल्मेट घातलं, काजव्याला डोळा मारला आणि गेला.

सुरुवातीचे फेरे त्याने सांभाळून मारले. गाडी उत्तम चालली होती, ते दुरूनही ऐकू येत होतं. थोरला कठड्याला टेकून आवाज ऐकत होता. इंजिनाचा प्रत्येक चढ-उतार त्याने हाताने घडवला होता. मग एका फेऱ्यात धाकट्याने सगळा जोर लावला. सरळ पट्टीवर गाडीचा आवाज चढत, चढत, त्या ठिकाणापर्यंत आला जिथे थोरल्याने स्वतः ब्रेक दाबला असता.

थोरल्याचा उजवा पाय जमिनीवर हलकेच टेकला.

मग रबर घासल्याचा लांबलचक आवाज झाला आणि टायरांचा ढीग कोसळला.

तिघं पोहोचले तेव्हा धाकटा गाडीतच बसून होता. सीटने त्याला इंचभरही हलू दिलं नव्हतं. पण त्याचे दोन्ही अंगठे सुकाणूच्या आत होते. चाक टायरांवर आदळलं तसं सुकाणू गर्रकन फिरलं आणि जे आत सापडलं ते त्याने मोडलं. उजवं मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. तो ते मांडीवर ठेवून पाहत होता, कुणी दुसऱ्याने आणून ठेवल्यासारखं.

"दादा, जरासाच दाबला रे मी."

"अंगठे बाहेर ठेवायचे. किती वेळा सांगितलं होतं तुला?"

"हो." धाकट्याच्या ओठांचा रंग उडाला होता. "माझंच चुकलं. घाबरून जास्त दाबला असणार."

थोरल्याने त्याचा बेल्ट सोडवला. रुग्णवाहिका आली आणि धाकट्याला तिच्यात चढवलं. अण्णा तिच्याजवळ गेले, आत डोकावले, काहीतरी म्हणाले आणि परत आले.

"आता हात परत हातासारखा व्हायचा नाही म्हणतात," ते म्हणाले. हवेबद्दल सांगावं तसं. "गाडी होईल?"

थोरला गुडघ्यावर बसला होता. "पुढचा पत्रा गेलाय. डावीकडचा टाय रॉड वाकलाय. चाक वळवणारा दांडा तेवढा बदलावा लागेल. दुपारपर्यंत होईल."

"कर."

काजवा हातोडा घेऊन पत्र्याला भिडला. थोरल्याने डावं चाक उतरवलं, वाकलेला दांडा काढला, नवा बसवला. त्याला आपले हात चांगले चालताना दिसत होते आणि त्याचं नवल वाटत होतं. त्याने नवी पिन ओठांत धरली आणि नट आवळू लागला.

"अण्णा," ठोकता ठोकता काजवा म्हणाला, "गाडी होईल हो. पण चालवणार कोण? मी? मला तर रिव्हर्समध्ये चक्कर येते."

"थोरल्या," अण्णा म्हणाले. "लॉरीतली ताडपत्री काढ."

"हे एवढं करून..."

"आधी काढ."

थोरला उठला, लॉरीत चढला, ताडपत्री ओढली. खाली त्याची सीट होती. मागच्या वर्षीची. गाडी कापताना ती शाबूत निघाली होती आणि तेव्हापासून वर्कशॉपच्या भिंतीवर खुंटीला लटकत होती. कुणीतरी तिच्यावरची धूळ पुसली होती.

तो ती कवटाळून खाली उतरला. "ही कधी चढवली?"

"गाडीच्या आधी."

थोरला उभा राहिला. सीट जड नव्हती, पण त्याने ती जमिनीवर ठेवली.

"ते पेडल मी सीट ओतायच्या आधीच दाबून पाहिलं होतं," अण्णा म्हणाले. "म्हटलं, बघू या, तू सांगतोस का त्याला."

काजव्याचा हातोडा थांबला.

"मी नाही सांगितलं," थोरला म्हणाला.

"नाही सांगितलंस."

त्या आवाजात राग नव्हता. अण्णांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. एखादा जोड बिनचूक बसला की ते असं पाहत. थोरल्याला आयुष्यात ही नजर क्वचितच मिळाली होती. ती मिळाली की त्याची छाती आपोआप वर येई. आताही आली.

"बसव ती," अण्णा म्हणाले. "शर्यतीच्या रांगा लागतायत."

त्याने धाकट्याची सीट काढली आणि आपली बसवली. तेच बोल्ट, तीच भोकं. तोपर्यंत घाईघाईने काजव्याने डावं चाक चढवून आवळून टाकलं होतं. तो कुणाकडेही पाहत नव्हता. "झालं का?" असं थोरल्याने विचारलं तेव्हा त्याने फक्त पट्टा पडलेला तळवा वर केला.

थोरला आत बसला. फेसाच्या खळग्यांना त्याची पाठ आठवत होती. वर्षभरात तो अंगाने वाळला होता, तरी सीटने त्याला ओळखलं. हेल्मेट घातल्यावर बाहेरचा गोंगाट दूर गेला. अण्णा खिडकीतून वाकले आणि त्यांनी स्वतः त्याचे खांद्यावरचे बेल्ट आवळायला घेतले. हे त्यांनी कधी केलं नव्हतं.

वडिलांचे हात छातीवर असताना थोरल्याच्या मनात ते वाक्य पुन्हा आलं. आधीच दाबून पाहिलं होतं. त्याच्यामागून, एका वर्षापलीकडून, दुसरं वाक्य आलं, स्टुलावरून उच्चारलेलं.

"अण्णा."

"काय?"

"मागच्या वर्षीचं ते चाक. ते तर सापडलंच नव्हतं."

"नाही सापडलं."

"जोडही त्याच्याबरोबर गेला. मग पिन नव्हती हे तुम्हाला..."

अण्णांनी बेल्टला शेवटचा हिसका दिला. थोरल्याचा श्वास अर्ध्यावर तुटला.

"घट्ट झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला."

"मग झालं."

ते मागे सरले, हात पाठीमागे बांधले आणि नेहमीसारखी गाडीभोवती एक फेरी घातली. कशालाही हात न लावता. मागचं उजवं चाक, मागचं डावं चाक. पुढच्या डाव्या चाकापाशी ते थांबले. वाकले. चाकाच्या पाठीमागे, जिथे नवा दांडा होता, तिथे त्यांनी पाहिलं. ते जरुरीपेक्षा थोडे जास्त वेळ वाकून होते, किंवा त्यांची कंबर आखडली असावी.

थोरला आठवू लागला. पिन डब्यातून घेतली, ते आठवलं. ओठांत धरली, तिची धातूची चव आठवली. नट आवळत होतो. मग ताडपत्री. 'हे एवढं करून' असं आपण म्हणालो. म्हणजे तेव्हा तोंडात पिन नव्हती. ती नटात होती, की हातात, की मातीत? वाकवलेल्या टोकांवर बोट फिरवल्याचं काही केल्या आठवेना. वर्षभर एकदाही न चुकलेलं ते बोट.

"काही आहे का?" त्याने ओरडून विचारलं. हेल्मेटमध्ये त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला.

अण्णा सरळ झाले. त्यांनी काजव्याच्या हातातला चहाचा कप घेतला. एक घोट घेतला.

पुढच्या गाड्या सरकू लागल्या होत्या. बेल्ट सोडवून उतरावं, वाकून पाहावं, तर रांग निघून जाणार होती. आणि ती नजर, जी आत्ता मिळाली होती, तीही. उतरणारा पाय कसा दोन हातांनी बाहेर काढावा लागतो, ते सगळ्यांना पुन्हा दिसणार होतं. काजवा डाव्या चाकाकडे पाहत होता. मग त्याने डोळ्यांवर काळा चष्मा ओढला.

थोरल्याने ओठांवरून जीभ फिरवली. मग अंगठे सुकाणूच्या बाहेर काढले, आणि क्लच सोडला.